डोंगरापासूनचं अंतर

गाव सोडलं त्या सकाळी आई डांबरी रस्त्यापर्यंत आली होती. मुरबाडला जाणारी जीप भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे निरोप घेऊन झाल्यावरही आम्ही दोघी बराच वेळ एकमेकींसमोर उभ्या होतो. शेवटी तीच म्हणाली, "जा आता, बस. नायतर खिडकी जाईल." परदेशी निघालेल्या मुलीला इतका उपयोगी आशीर्वाद क्वचितच मिळत असेल.

आता मी उत्तर जर्मनीतल्या एका बंदराच्या शहरात राहते. इथली जमीन इतकी सपाट आहे, की लोक पुलावर चढले तरी 'व्यू' बघायला थांबतात. म्हणूनच बहुधा इथल्या संग्रहालयात डोंगरांच्या चित्रांचं एक अख्खं दालन आहे. कडे, दऱ्या, वादळं, सगळं सोनेरी चौकटीत. कानातल्या ऑडिओ गाइडने सांगितलं, की या रौद्र भव्यतेपुढे प्रेक्षक स्तब्ध होतो. सगळे स्तब्ध उभे होतेच. बसायला बाक एकच होता.

तरी एका चित्राने मला धरून ठेवलं. काळा कडा, अर्धा ढगात, आणि खाली कोपऱ्यात नखाएवढा माणूस. आमचं घर अशाच कड्याच्या पायथ्याशी. त्या चित्रासमोर उभं राहिलं की ओल्या कातळाचा वास आल्यासारखा वाटे, आणि रविवार कसा संपला ते कळत नसे. मी आईला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन.

"तो कोण उभाय?"

"कोणी नाही. नुसता बघतोय."

"गुरं हरवली असतील गो त्याची."

दालनातल्या पाटीवर लिहिलं होतं, की सुरक्षित अंतरावरून पाहिली की भीतीसुद्धा सुंदर होते. मला ते पटलं. न पटायला काय झालं, मी कड्यापासून विमानाच्या अंतरावर होते.

त्याच पावसाळ्यात चुलतभावाचा, किसनदादाचा मेसेज आला. घरामागच्या उताराला भेग गेलीय, दगड सुटतायत, काकी हलायला तयार नाय. मग मी रोज फोनवरून आईला भूगर्भशास्त्र शिकवू लागले.

"आये, मुरबाडला दादाच्या खोलीवर जाऊन राहा."

"डोंगर काय काल आलाय? तुज्या बापाच्या आधीपासून हाय तो."

"पण खाली आला तर?"

"तुला तिथून भ्या वाटतं, मला इथून नाय वाटत. मग खुळी कोण?"

त्या रविवारी चित्रासमोर गेले, तर कडा बघवेना. ढग, उजेड, भव्यता, काही दिसेना. त्या माणसाच्या डोक्यावरचा खडक कुठून सुटेल एवढंच मी शोधत राहिले.

आईला अखेर पटवलं ते म्हशीने. एका संध्याकाळी ती गोठ्यात शिरेना. आईने ओढलं, गोंजारलं, तिच्या आईबापांचा उद्धार केला; म्हैस दारात पाय रोवून उभी. आईने मुकाट्याने भांडी बांधली आणि म्हशीसकट दादाकडे गेली. मी याचं वाईट वाटून घेतलं नाही, आमच्या घरात म्हशीच्या शब्दाला कायमच जास्त वजन होतं. त्याच आठवड्यात गोठा दरडीखाली गेला. घर उभं आहे, पण तिथे परत राहायचं नाही असं ठरलं.

तुम्ही जे मागे राहिलात, आणि माझ्यासारखे जे निघून आलात, ते सगळे एकदा आठवून बघा. घरातून आपल्याला डोंगर कधी दिसला होता का? आमच्या अंगणातून दिसायची ती करवंदीची जाळी, झिरपणारा कातळ, आणि फार तर माकडं. अख्खा डोंगर बघायचा तर मान मोडायची, आणि तेवढा वेळ होता कुणाला? मला आता वाटतं, घर म्हणजे ती जागा, जिथे आपण डोंगराच्या इतके जवळ असतो की तो दिसत नाही.

परवा आईने मुरबाडच्या गच्चीवरून व्हिडिओ कॉल केला. बाजाराला ती जन्मभर मुरबाडला गेली, पण तेव्हा नजर भाजीवर आणि परतीच्या जीपवर. आता हातात काम नव्हतं. समोर सगळी रांग निळी पडली होती, तिच्या मधोमध आमचा कडा, वरून ढग उतरत होते.

"तो आपलाच ना गो?"

"हो."

"एवढा हाय तो?"

फोनवर थेंबांचा आवाज येऊ लागला. मी म्हटलं, "भिजशील आये, खाली जा."

"थांब गो," ती म्हणाली. "जरा बघू दे."