सोनवणेबाईंचे लॉकर

सोनवणेबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या स्ट्रेचरवर उताण्या पडल्या होत्या. अंगावर कडक पांढरी साडी, छातीवर मेट्रनचा बिल्ला, हात पोटावर आणि डोळे टक्क उघडे. दोन वॉर्डबॉय तो स्ट्रेचर दवाखान्याच्या आवारातल्या खडीवरून ढकलत होते. मला वाटलं, नव्या मेट्रनबाईंना हजर व्हायच्या दिवशीच काहीतरी झालं. मी धावत गेलो. तर पडल्यापडल्याच त्या म्हणाल्या, "तुम्ही स्टोअरचे जाधव ना? लिहून घ्या. पुढचं डावं चाक अडकतंय आणि वळताना मानेला हिसका बसतोय. असले आणखी चार मागवणार होतात म्हणे?"

मागवणारच होतो. ऑर्डर टाइप होऊन सहीला गेली होती. ती मी मुकाट्यानं परत आणली.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. बारामतीतला आमचा चाळीस खाटांचा ट्रस्टचा दवाखाना, मी तिथं स्टोअरकीपर. भवानीनगरहून रोज एसटीनं यायचो. बाई मूळच्या इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या. वीसेक वर्षं पुण्यात सरकारी नोकरी करून, म्हातारी आई गावाकडं एकटी पडली म्हणून इकडं आल्या होत्या. टेबलावर बुद्धाची वीतभर मूर्ती, शेजारी मोजपट्टी आणि कायम टोक केलेली पेन्सिल. मी कॅटलॉग पुढं केला की त्या तो बाजूला सारायच्या. "कागदावर सगळंच मावतं, जाधव. आणून बघू." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आजही दुकानात हात खिशाकडं जाण्याआधी ते कानात वाजतं.

त्या वेळी दवाखान्यात एक नियम होता, आणि तो पाळायचं काम माझ्याकडं होतं. पाळी सुटली की मी फाटकाजवळ स्टूल टाकून बसायचो. मावश्या आणि वॉर्डबॉय रांगेनं यायचे, पिशव्या उघडून दाखवायचे. चादरी, कापूस, साबण कमी भरायला लागले होते, म्हणून समितीनं ही झडती लावली होती. सिस्टरांच्या पर्स आणि डॉक्टरांच्या बॅगा त्यातून वगळलेल्या. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट स्टुलावर बसलं की जरा रुबाबच वाटायचा, हे आज कबूल करतो.

बाईंनी पहिल्या संध्याकाळी हा प्रकार लांबून पाहिला. दुसऱ्या संध्याकाळी त्या रांगेत उभ्या. पुढं कमलमावशी, मागं एक वॉर्डबॉय, मध्ये मेट्रन. पाळी आली तशी त्यांनी पर्स उघडून माझ्या नाकासमोर धरली. मी म्हणालो, "बाई, तुम्ही कशाला?" त्या म्हणाल्या, "का? माझी पर्स लहान आहे म्हणून?" मागं कुणीतरी खुदकन हसलं. मला मात्र घाम फुटला, आणि आठवडाभर रोज संध्याकाळी फुटत राहिला.

आठवड्यानं त्या अध्यक्षांकडं गेल्या. अध्यक्षांना सगळे आबा म्हणायचे. द्राक्षबागायतदार, पांढरी टोपी, माणूस सरळ, पण एकदा डोक्यात बसलं की बसलं. बाईंनी मांडणी सोपी केली. मावश्यांना स्वतःचं सामान ठेवायला जागाच नाही. त्यांच्या पिशव्या चादरींच्या खोलीत, चादरींच्या ढिगाशेजारी पडतात, मग संशय येणारच. त्यांना कुलपाचे लॉकर द्या. त्यांचं ते त्यांच्या लॉकरात, दवाखान्याचं ते दवाखान्याच्या कपाटात. आणि झडती बंद करा. बाहेरगावच्या नातेवाइकांनाही थोडे लॉकर ठेवा, बिचारे चार चार दिवस गाठोड्याला टेकून झोपतात.

आबांना पटलं, पण अर्धंच. "लॉकर घिऊ की बाई. पर मावश्यांच्या लॉकरला जाळीचं दार बसवा. आत काय हाय ते भायरनं दिसाय पायजे."

बाईंनी तिथं वाद घातला नाही. पुण्याच्या एका विक्रेत्याकडून तीन नमुने मागवले आणि व्हरांड्यात आठ दिवस उभे केले. त्यातला एक जाळीचा होता. मग सुरू झाली परीक्षा. बाईंनी प्रत्येकात ओली साडी टांगली आणि दुसऱ्या दिवशी वास घेऊन पाहिला. खाली फिनेलचा बोळा फिरतो का ते स्वतः वाकून बघितलं. कमलमावशी अंगानं अगदी बुटकी, तर तिचा हात वरच्या कप्प्याला पोचतो का हे तिलाच करायला लावलं. मावशी टाचा उंचावून म्हणाली, "बाई, माझ्यासाठी लॉकर घ्यायचा का शिडी?" मग बाई वॉर्डातल्या शेवटच्या खाटेवर डोळे मिटून पडल्या आणि मला म्हणाल्या, "आता दारं आपटा." मी एकेक आपटत गेलो. दुसऱ्या नमुन्याला त्या ताडकन उठून बसल्या. तो बाद झाला. विक्रेता मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, मी मोठमोठ्या ऑफिसांना माल देतो, पण असं कुणी झोपून बघितलं नव्हतं."

जाळीच्या नमुन्याची परीक्षा आबांवर झाली. समितीच्या बैठकीच्या दिवशी बाई त्यांना म्हणाल्या, "आबा, बैठक होईपर्यंत तुमची पिशवी यात ठेवा. कसं वाटतंय ते सांगा." आबांनी आढेवेढे न घेता ठेवली, आणि पिशवी आत कलंडली. जाळीमागं दाताच्या कवळीची डबी आणि तंबाखूची चंची दिमाखात दिसायला लागली. आबांनी तंबाखू सोडली म्हणून त्यांची सून अख्ख्या बारामतीत सांगत होती. बैठक संपेपर्यंत स्वयंपाकघरापासून एक्स-रेपर्यंत सगळ्यांचं व्हरांड्यात काही ना काही काम निघालं. आबा बाहेर आले, जाळीकडं पाहिलं, लोकांकडं पाहिलं, पिशवी काढून घेतली आणि म्हणाले, "पत्र्याचंच दार घ्या."

तरी एक अट राहिली. प्रत्येक लॉकरची दुसरी किल्ली ऑफिसात ठेवायची. बाई म्हणाल्या, "मग तो लॉकर ऑफिसचा झाला, मावशीचा नाही." दोघंही हटेनात. शेवटी आबा म्हणाले, "बरं, नका ठिवू. पर एक जरी वस्तू गेली, तर किल्ल्या माझ्याकडं आन् झडती पुन्यांदा सुरू." बाई म्हणाल्या, "चालेल. त्या दिवशी माझा राजीनामाही घ्या." मला वाटलं, आता दोघांपैकी कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही.

लॉकर आले. सगळे सारखे, डॉक्टरांना आणि मावश्यांना एकच. नंबर नोकरीला लागल्याच्या क्रमानं दिले. कमलमावशी दवाखान्याचं उद्घाटन झालं तेव्हापासूनची, म्हणून तिला एक नंबर मिळाला आणि सर्जनसाहेबांना चौदा. साहेबांनी नाक मुरडलं. बाईंचा सगळ्यात शेवटचा. मावशीनं किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आणि दिवसभर उगाच तीनदा लॉकर उघडून बंद केला. आत काय ठेवलं होतं म्हणाल, तर डबा, कंगवा आणि नातवाची एक जुनी टोपी. दारावर आतून आरसा लावून द्याल का, असं तिनं मला हळूच विचारलं. मी लावून दिला.

नातेवाइकांच्या लॉकरांबाबत मात्र बाई चुकल्या, आणि चुकल्याचं त्यांनी स्वतःच बोलून दाखवलं. लिहितावाचता न येणाऱ्यांसाठी पेंटरकडून दारांवर द्राक्ष, डाळिंब, पोपट, बैल काढून घेतले होते. पण महिनाभर कुणी कुलूपच लावेना. बाईंनी कळंबकडच्याच एका म्हाताऱ्याला कारण विचारलं. तो म्हणाला, "शेजारच्या खाटंवाल्यांची भाकर खातूय आमी. त्येंच्यादेखत कुलूप घालायचं व्हय? काय म्हनतील ती मान्सं?" बाई हसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दोन खाटांना मिळून एक लॉकर आणि एक किल्ली दिली. मग मात्र पोपट, बैल सगळे भरले. किल्ली या खाटेवरून त्या खाटेवर जायची आणि कुणाची तक्रार आली नाही.

असं सहा-सात महिने सुखात चाललं. माझं स्टूल स्टोअरात धूळ खात पडलं होतं. आणि एका सकाळी सर्जनसाहेबांचं घड्याळ गेलं. ऑपरेशनआधी हात धुताना त्यांनी ते बेसिनवर काढून ठेवलं होतं. ऑपरेशन संपवून आले तर नाही. थिएटरला त्या दिवशी कमलमावशीची पाळी होती.

तासाभरात आबा हजर. लॉकरांसमोर आम्ही सगळे गोळा झालो. साहेब तापलेले. "तिचा लॉकर उघडा, आत्ताच्या आत्ता." बाईंनी शांतपणे विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला लॉकर दिलाय. घड्याळ त्यात का नव्हतं?" साहेब म्हणाले, "आता किल्ली घेऊन कुठं फिरू मी?" बाई म्हणाल्या, "मावशी फिरते."

आबांना अट आठवत होती. ते बाईंकडं न बघता म्हणाले, "बाई, बोलनं झालं हुतं आपलं." बाई म्हणाल्या, "झालं होतं. तर उघडू. पण एकच नाही, सगळे. आणि शेवटच्या नंबरपासून. शेवटचा माझा. मग खालून वर, डॉक्टरांचाही आणि जाधवांचाही."

 माझ्या लॉकरात दवाखान्याच्या साबणाच्या दोन वड्या आणि चिकटपट्टीचं एक रीळ होतं. दोन वर्षं दुसऱ्यांच्या पिशव्या तपासणाऱ्या माणसाच्या लॉकरात. मी इकडंतिकडं पाहिलं, तर आणखी दोघांतिघांचे चेहरे उतरलेले. त्यांच्या लॉकरांत काय होतं ते मला कधी कळलं नाही. मला ते कळून घ्यायचंही नव्हतं.

तेवढ्यात कमलमावशी पुढं आली. गळ्यातला दोरा काढून तिनं किल्ली आबांपुढं धरली.  "घ्या आबा. बघा उघडून. माझ्यात काय न्हाय. मला काय भ्या न्हाय."

बाई एवढ्या चिडलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या, आणि चिडल्या त्या मावशीवर. "घाल ती किल्ली गळ्यात," त्या म्हणाल्या. "तुला कुणी मागितली? तू चोरी केली नाहीस हे तू का दाखवायचंस? घाल म्हणते ना." मावशी रडायला लागली. रडतरडतच तिनं दोरा गळ्यात घातला.

 आबा टोपी सारखी करत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. सगळी उगडली तर हितं कुनाचंच काय धड ऱ्हानार न्हाय. डॉक्टर, तुमी दुसरं घड्याळ घ्या, आन् लॉकरात ठिवा." एवढं बोलून ते गाडीत बसून गेले. राजीनाम्याचा विषय त्यांनीही काढला नाही, बाईंनीही नाही. घड्याळ शेवटपर्यंत सापडलं नाही. साबणाच्या वड्या मी त्याच दुपारी स्टोअरात परत ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना विचारलं, "बाई, आणि समजा मावशीच्याच लॉकरात असतं तर?" त्यांनी पेन्सिलीला टोक करता करता उत्तर दिलं. "असतं तर असतं, जाधव. माणूस आहे ती, शपथेवर मी काय सांगू? पण एकीच्या लॉकरात असेल म्हणून रोज सगळ्यांनी हात वर करून चालायचं का?" मला तेव्हा हे पटलं, पण त्या बिचाऱ्या मावशीवर एवढं ओरडायचं काय कारण होतं, ते काही कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही.

पुढं तीनेक वर्षांनी बाई निवृत्त होऊन कळंबला गेल्या. जायच्या आदल्या वर्षी त्यांनी आपल्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आमच्याच दवाखान्यात करून घेतलं. आजी ऐंशीच्या घरातली, वाळलेली, काटक. सोडायच्या दिवशी दुपारी मी फाटकाशी ऑक्सिजनच्या सिलिंडरची गाडी उतरवून घेत उभा होतो, हातात वही. आजी एका डोळ्यावर हिरवी पट्टी, बगलेत कापडी पिशवी अशी भिंतीच्या कडेकडेनं येत होती. बाई बिल भरून दोन पावलं मागं होत्या.

आजीनं उघड्या डोळ्यानं मला पाहिलं, माझ्या हातातली वही पाहिली आणि थांबली. पदराचं टोक धरून तिनं ते दोनदा झाडलं. कमरेचा ओचा चाचपून दाखवला. मग पिशवी खाली ठेवली, तिचं तोंड उघडलं आणि अदबीनं बाजूला सरकून उभी राहिली. "बघा सायब. काय न्हाय त्यात."

मी बाईंकडं पाहिलं. त्या कसनुशा झाल्या नाहीत की आईला रागावल्या नाहीत. हळू आवाजात मला म्हणाल्या, "चाळीस वर्षं बंगल्यांवर धुणीभांडी केली तिनं. कुणी मागायच्या आधीच झाडायची. आता माझ्या घरातून निघतानाही झाडते."

 मी खाली वाकलो, आत न बघता पिशवीचं तोंड बांधलं, आणि ती उचलून आजीच्या पुढं रिक्षापर्यंत चालत गेलो. आजी मागून लगबगीनं येत होती. रिक्षात बसल्यावरही तिच्या जिवाला चैन पडेना. माझी बाही धरून ती परत परत म्हणत राहिली, "सायब, तुमी बघितलं न्हाय. बघून घ्या की ओ. तुमी बघितलंच न्हाय."