हैबतीचा कान

महाडात कुणाची गाडी कुरकुरू लागली की लोक म्हणायचे, "आधी हैबतीच्या कानावर घाल." बॉनेट न उघडता, नुसता आवाज ऐकून हैबती मिस्त्री दुखणं सांगायचा आणि ते सहसा चुकायचं नाही. हे नाव त्यानं वीस वर्षं घासून कमावलं होतं. बौद्धवाडीतल्या त्याच्या बापानं मरताना एवढंच सांगितलं होतं, "हातात कसब ठेव रे. मग लोक आधी कसब विचारतात, बाकीचं मागनं."

आणि खरं सांगायचं तर एकोणऐंशी साली हा हैबती ठार बहिरा होता. आधी डावा कान गेला, मग उजवा. दोन वर्षं झाली होती आणि ते फक्त त्याच्या बायकोला, आवडीला, ठाऊक होतं. ती गॅरेजच्या दारात प्लग घासत बसायची. गिऱ्हाईक काही बोललं की तेच वाक्य नवऱ्याकडं तोंड करून सावकाश परत म्हणायची. हैबती तिच्या ओठांवरून ओळखायचा. लोकांना वाटायचं, बाई जरा जास्तच बोलकी आहे.

इंजिनाला मात्र ओठ नसतात. त्यासाठी त्यानं कारवीची एक काठी तासून ठेवली होती. एक टोक इंजिनाला टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं, की हादरा थेट डोक्यात उतरायचा. मिस्त्रीला म्हातारपणी दात शिवशिवायला लागले, असं लोक हसून म्हणायचे. तोही हसायचा. हसण्यावारी जातंय तोवर बरं होतं.

चैत्रात कुडपणचा मालोजी जीप घेऊन आला. मुंबईत टॅक्सी चालवून दमल्यावर तो गावी परतला होता. शेती बघायचा आणि पोलादपुराहून आंबेनळी घाटानं माणसं वर न्यायचा. शिमग्यापासून जीपला एक खोड लागली होती. चढावर ॲक्सिलेटर दाबला की खालून ठक, ठक. उभ्या गाडीत कितीही रेस करा, आवाज नाही.

"बाजारातला मेकॅनिक बोलला, बेरिंग गेलंय, पुरं इंजिन खोलाया लागंल," मालोजी म्हणाला. आवडीनं ते परत म्हटलं. मालोजीनं तिच्याकडं पाहिलं, मग हैबतीकडं. "आन् तोच आणखी एक गोष्ट बोलला. म्हणं, हैबतीला आता ऐकू येत नाय."

हे वाक्य आवडीनं परत म्हटलं नाही. पण हैबतीनं ते मालोजीच्याच ओठांवरून वाचलं होतं. समोर चहाच्या बाकावर बसलेली चार माणसं कप हातात धरून बघत होती. हैबतीला राग आला आणि रागाहून जास्त भीती वाटली. एकदा हे नाव गेलं की गॅरेजात कुत्रंही फिरकणार नव्हतं.

"चल घाटात," तो काठी उचलत म्हणाला. "इंजिन खोलायच्या आधी मला बघू तर दे."

पोलादपूर मागं पडलं, चढ लागला. बरोबर आवडी नव्हती. गिअरच्या दांड्यापाशी पत्र्याला भोक होतं, त्यातून हैबतीनं काठी खाली घालून गिअरबॉक्सला टेकवली आणि दात आवळले. मालोजीनं ॲक्सिलेटर दाबला. बेरिंग गेलेलं असतं तर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर ठोका भरभर पडला असता. हा तसा नव्हता. गाडी ओढ घेई तेव्हाच पडायचा आणि तोही पलीकडच्या आळीत कुणी कांडतंय तसा लांबून. मग त्यानं काठी सरकवून खालच्या चॅसीवर, गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर टेकवली. पुढच्या वळणावर दातांत असा दणका बसला की डोळ्यांपुढं काजवे चमकले.

"थांबव!"

त्यानं बॉनेट उघडलं. "ब्रेक दाबून धर. गिअर टाक. आता क्लच हळूच सोड." इंजिन एका बाजूनं दोन बोटं उचललं गेलं आणि क्लच दाबताच खाली आदळलं. हैबती वाकला. इंजिन ज्या रबरावर बसतं ते त्या बाजूला नव्हतंच. त्या जागी लाकडाचा ठोकळा होता.

"हे कोणी घातलं?"

मालोजी ओशाळून त्याच्याकडं बघत म्हणाला, "मीच. आषाढात रबर फाटलं. म्हटलं, नांगराला मारतो तशी ऐनाची पाचर मारू. दिवाळीपावतर दगडावानी बसली होती."

"पावसात फुगली म्हणून बसली. आता उन्हानं सुकून ढिली पडली. अरे, जीप हाय ही, नांगर नाय!"

परत येऊन हैबतीनं जुन्या भंगार जीपचं धड रबर काढलं, बोल्ट आवळले आणि उन्हं कलायच्या आत दोघं पुन्हा त्याच चढावर आले. मालोजीनं ॲक्सिलेटर पार तळाला नेला. काठीत फक्त इंजिनाची सरळ घरघर. हैबतीनं काठी दातांतून काढली आणि डोळे मिटून मागं टेकला.

डोळे उघडले तेव्हा मालोजी गाडी उभी करून त्याच्याकडं बघत होता. त्यानं तीनदा हाक मारली असावी. आता बहाणा करण्यात अर्थ नव्हता आणि हैबतीला तो करावासाही वाटेना.

"तो मेकॅनिक खरं बोलला," हैबती म्हणाला. "दोन वरसं झाली. काय बी ऐकू येत नाय."

मालोजीनं गाडी वळवली. महाडात हैबतीला गॅरेजापाशी उतरवून तो निघून गेला. सगळं संपलं, असं हैबतीनं त्या रात्री आवडीला सांगितलं.

आठवड्यानं मालोजी आला. खांद्यावर कारवीच्या काठ्यांचा भारा होता, एकूण एक सोलून गुळगुळीत केलेल्या आणि हैबतीच्या काठीच्या मापानं तोडलेल्या. मागं चहाच्या बाकावरची तीच चार माणसं होती. मालोजी हैबतीच्या अगदी समोर उभा राहिला आणि ओठ नीट हलवत, आवडीसारखं सावकाश बोलला,

"माझं दोन्ही कान शाबूत हायत रे मिस्त्री. शिमग्यापासनं ऐकत होतो, पण कळलं तुलाच."

मागच्या चौघांतला एक हैबतीच्या खांद्यावर थाप मारून, समोर येऊन उभा राहिला. आपल्या स्कूटरला काहीतरी आवाज येतोय, असं तोही सावकाश म्हणाला. हैबतीचे डोळे भरून आले आणि ते त्यानं पुसले नाहीत. भाऱ्यातली एक काठी ओढून तो स्कूटरकडं निघाला.