एकाच घरात गायलं जाणारं गाणं

यशवंतराव बोंदरे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते कारखान्याच्या गेटवर. भोपाळच्या आमच्या सरकारी टाउनशिपमध्ये कुणी निवृत्त झालं, की शेवटच्या दिवशी सगळा विभाग त्याला हार घालून वाजतगाजत क्वार्टरपर्यंत पोचवतो. त्या मिरवणुकीपुढे लेथवर काम करणारे हे गृहस्थ गळ्यात मेंडोलिन अडकवून चालले होते आणि निवृत्त होणाऱ्या फिटरवर स्वतः रचलेलं गाणं म्हणत होते. त्यात त्याची खटारा स्कूटरसुद्धा होती. मी नोकरीत नवा होतो, ढोलकी बरी वाजवायचो. त्यांनी नुसतं मानेनं बोलावलं आणि मी त्यांच्यामागे लागलो तो आजतागायत.

अशाच गाण्यांतून पुढे त्यांचा ‘शिफ्ट सुटल्यावर’ हा अल्बम झाला. अवधपुरीत मोठं घर बांधून एकटा पडलेला सुपरवायझर, अशोका गार्डनमधली शिलाईवाली, असे आपल्यातलेच लोक त्यात आहेत. ज्याच्यावर गाणं, त्याच्या घरी ते आधी ऐकवायचं, हा यशवंतरावांचा नियम. मला तो फाजील सोवळेपणा वाटायचा.

सर्वांत सुंदर गाणं देशकरांचं होतं. वेल्डर देशकर निवृत्तीला दोन महिने उरले असताना अचानक गेले. त्यांच्या मिरवणुकीसाठी गाणं आधीच तयार होतं. त्यात ते घरी पोचतात आणि गळ्यातला हार काढून बायकोच्या हाती देतात. आम्ही ते रेकॉर्ड केलं आणि देशकरांच्या पत्नीला, सुधावहिनींना, ऐकवायला गेलो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“भाऊजी, खूप छान झालंय,” त्या म्हणाल्या. “पण हे बाहेर नका जाऊ देऊ. लोक वाहवा करतील, ते मला बरदाश्त नाही होणार.”

यशवंतराव “बरं” म्हणाले. रस्त्यात मी भांडलो. “काका, अख्खा अल्बम त्या एका गाण्यावर उभा आहे! लोकांना कुठे माहीत पडणार, कोण देशकर?”

“वहिनींना माहीत पडेल ना.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर रेकॉर्डिंग पुसायला लावलं. मी महिनाभर अबोला धरला. त्याची आज मला लाज वाटते.

पुढच्या वर्षी, देशकर ज्या तारखेला निवृत्त झाले असते त्या तारखेला, वहिनींनीच आम्हाला चहाला बोलावलं. म्हणाल्या, “भाऊजी, आज म्हणा ना. फक्त माझ्यासाठी.” तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी यशवंतराव त्यांच्या घरी ते गाणं म्हणतात. टाळ्या वाजत नाहीत. यंदा त्यांचा आवाज पार बसला होता. चाल मला येते, म्हणून मी विचारलं, “वहिनी, मी म्हणू का?”

“नको रे. भाऊजींनी नुसतं वाचून दाखवलं तरी चालेल.”

यशवंतरावांनी वाचून दाखवलं. मी बाहेर पायरीवर येऊन रडलो.

आज त्यांना पंचाहत्तर पूर्ण होत आहेत. आपणा सर्वांच्या वतीने मी त्यांच्यासाठी उत्तम आरोग्य आणि खणखणीत आवाज मागतो. काका, सुधावहिनी तुमच्याहून सहा वर्षांनी लहान आहेत. त्यांना शंभर वर्षं लाभोत. तुम्हाला मग एकशे सहा लागतील.