मातीच्या भिंतीला सिमेंट

इंग्लंडातल्या डेव्हन परगण्यातल्या त्या गवती छपराच्या घराला विल्फ टॅपस्कॉटने चाळीस वर्षं दर वसंतात चुन्याचा हात दिला. भिंती दोन हात जाड, चिखलात पेंढा तुडवून चढवलेल्या. घर जमीनदाराचं, विल्फ भाडेकरू. पण त्याचा जन्म तिथलाच. जमीनदाराने घर विकलं तेव्हा त्याला सामान हलवायला महिना मिळाला, एवढंच.

नवे मालक पेलम लंडनचे. त्यांनी आल्या आल्या चुना खरवडून सिमेंट थापायला घेतलं. विल्फ न राहवून सांगायला गेला.

"साहेब, मातीची भिंत ओल पिते आणि बाहेर टाकते. सिमेंट लावलंत तर ओल आतच कोंडेल."

"आजोबा, जमाना बदलला. दरवर्षी कोण चुना फासत बसणार?"

चौथ्या हिवाळ्यात मागची भिंत बसली. मग साहेब गाडी घेऊन विल्फच्या दारात. "अहो, तुमच्यासारखा कारागीर आता औषधालाही सापडत नाही!"

विल्फने पडलेल्या भिंतीचीच माती भिजवली, पेंढा टाकला आणि बुटांनी तुडवायला लागला. मातीतून आईचा पळी अडकवायचा खिळा निघाला. तो त्याने गुपचूप खिशात टाकला.

पेलमबाई चहा घेऊन आल्या. "या घराची नस न् नस ठाऊक आहे हो तुम्हाला! राहता कुठे?"

तुडवणं न थांबवता विल्फ म्हणाला, "सरकारी इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. नुसतं सिमेंट. मेली पडतही नाही."