कुंकू लागलेले धोटे

गेल्या खंडेनवमीला माझ्या थोरल्या बहिणीच्या शिल्पांचं प्रदर्शन सोलापुरात भरलं. सगळं भंगारातून केलेलं. मागावर आडवं सूत नेणारे जुने लाकडी धोटे जोडून उभा केलेला बगळा, बॉबिनांची कोंबडी आणि दारातच सायकलच्या रिमचा चरखा, त्यापुढं वाकून बसलेली पत्र्याची मुलगी. ती मुलगी कोण, हे मला कुणी सांगायला नको होतं. वडील हातमागावर बसत, अक्का चरख्यावर सुताच्या कांड्या भरी आणि मी दप्तर घेऊन शाळेत जाई. तिची शाळा चौथीतच सुटली. माझी नोकरी त्या वाकलेल्या पाठीवर उभी आहे.

हे ठाऊक असूनही मी एकदा तिचं पोतं भंगारात देऊन टाकलं.

पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. आमचा माग बंद पडल्यावर अक्का टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जायची. येताना कुणाकुणाच्या बंद मागांचे धोटे, दातेरी चाकं, स्प्रिंगा घेऊन यायची आणि रविवारी अंगणात बसून तारेनं जोडायची. त्या दिवाळीत आमचे साहेब फराळाला येणार होते. दारात ते पोतं दिसायला नको, म्हणून ती कामावर गेल्यावर मी ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवलं.

संध्याकाळी तिनं विचारलं, "तम्मुडू, माझं पोतं कुटंय?" आमच्या घरी धाकट्या भावाला अशीच हाक मारतात.

"मी नाही बघितलं," पेपरातून मान वर न काढता मी म्हणालो.

तिनं पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर घरात एक खिळाही आणला नाही. आपण तिचा हात मोडला, असं मला इतकी वर्षं वाटत राहिलं.

खंडेनवमीला आमच्यात मागाची पूजा करून धोट्यांना हळद-कुंकू लावतात. प्रदर्शनातही अक्कानं फीत कापू दिली नाही. करंडा घेऊन ती एकेका शिल्पाला कुंकू लावत निघाली. बगळ्यापाशी माझ्यानं राहवेना.

"अक्का, ते पोतं मी भंगारात दिलं होतं."

"व्हय. ठाऊक हाय की."

"कसं?"

"त्याच दिवशी भंगारवाल्यानं मला कोपऱ्यावर गाठलं. 'आपा, इसको कुंकू लग्या है. पूजा का माल मैं नै तोडता, वापस लेव,' म्हणाला. ते पोतं मी कारखान्याच्या शेडात ठिवलं, तितंच जोडत बसायची. ह्यो बगळा त्यातलाच."

"म्हणजे माहीत असून मला विचारलंस?"

"खरं बोलतोस का बगावं म्हटलं. लई येळ लावलास, बाबा."

ती हसत होती. मला हसता येईना. त्या भंगारवाल्याचा चेहराही मला आठवत नाही. मी विणकराच्या घरातला, पोतं माझ्या हातानं उचललेलं. पण ते कुंकू दिसलं त्याला. त्यानं राखलं, अक्कानं जोडलं. दोघांचे उपकार मी कुठं ठेवू?

अक्कानं करंडा माझ्या हातात दिला. "ऱ्हायलेल्यांना तू लाव."

मी बगळ्यापासून सुरुवात केली. बगळ्याच्या चोचीवरचं कुंकू ओघळून वाकडं झालं. मी पुसायला गेलो, तर तिनं मनगट धरलं.

"असू दे. भंगारवाल्याला दिसलं म्हंजे झालं."