जपानची गोष्ट आणि कडू घास

घुग्घुसच्या गुणवंतरावांची ज्योत्स्ना जपानच्या पुराणकथांचा अभ्यास करते, हे ऐकून लोक हसायचे. कोळसा खाणीतल्या माणसाची पोरगी, अन् देव धुंडाळते जपानचे! काय म्हणावं हिला? हजार-बाराशे वर्षांपूर्वीची एखादी गोष्ट पुढच्या लोकांनी कशी सांगितली, त्यात काय काय बदललं, हे ती शोधायची. दर रविवारी नागपूरहून फोन करायची, आणि आईबाप स्पीकर लावून गोष्ट ऐकायचे.

गुणवंतरावांच्या आवडीची गोष्ट एकच. बायको मरते. नवरा तिला परत आणायला मेलेल्यांच्या देशात जातो. ती म्हणते, उशीर केलात हो, मी इथलं अन्न खाल्लं, आता कशी येऊ?

"थोडी थांबली असती तं काय बिघडत होतं बापा!" ते दर वेळी हळहळायचे. त्यांची बायको इंदुताई तोंडाला पदर लावून हसायच्या.

त्याच इंदुताई परवा बसल्या जागी गेल्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारच्यांनी आणलेला कडू घास घरच्यांनी गिळायचा, म्हणजे माणूस गेलं हे कबूल करायचं. शेजारच्या अंजनाबाईंनी रीतीप्रमाणे वरणभात आणला. गुणवंतरावांनी ताटाला हात लावला नाही. शुगरचा माणूस, आज हातपाय थरथरायला लागले. नागपूरहून धावत आलेल्या ज्योत्स्नाचा जीव टांगणीला लागला. आई गेली, आता बापही जातो की काय!

"बाबा, एक घास खा ना."

"नाई. तुही माय माह्या आधी कधी जेवली का? माही ड्युटी सुटेपर्यंत उपाशी बसे. तिथीबी बसली असंल. मी जेवलो नाई, तर तेबी जेवणार नाई. मंग येऊ शकते न ते?"

बाबा जपानच्या गोष्टीतलं बोलताहेत, हे ज्योत्स्नाला उमगलं. ही गोष्ट तिनंच हौसेनं ऐकवली होती.

"एवढ्या लोकायनं ते गोष्ट बदलली म्हणतं तू. कोणीच तिले परत नाई आणलं?"

खोटं बोलावंसं तिला फार वाटलं.

"मी वाचलं त्यात तं नाई, बाबा."

मग ज्योत्स्नानं ताट पुढे ओढलं.

"आईले भूक सहन होत होती का?"

"कुठी? पित्त चढे तिले."

"मंग आता किती उपाशी ठेवता तिले?"

गुणवंतराव लहान लेकरासारखे हमसून हमसून रडले. रडता रडताच त्यांनी घास तोंडात घातला आणि कसाबसा गिळला.

"जेव वं इंदू," ते म्हणाले, "मी जेवलो."