झोक्याला झोका

"सरळ सूर मेलेला आसतो ताई. जरा हलू द्या त्याला."

असं म्हणून तात्या डाव्या हाताने पट्टी दाबून धरायचे आणि उजव्या हाताची दोन बोटं एखाद्या गोल बटणावर ठेवायचे. दुधावरची साय न मोडता बाजूला सारावी इतक्या हलक्या हाताने ते बटण फिरायचं. सूर डुलू लागला की माझ्याकडे बघून भुवया उडवायचे. मी तिकडे गाण्याचे शब्द विसरले तरी त्यांना पर्वा नसायची.

बारामतीतल्या आमच्या लग्नाच्या ऑर्केस्ट्रात मी गायचे आणि पणदऱ्याचे तात्या सिंथेसायझर वाजवायचे. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. स्टेजच्या कडेला बसतो, आणि नवरानवरीकडे एकदाही बघत नाही.

त्यांचं यंत्र जुनं, अॅनालॉग, लाकडी कडांचं. पुण्यात एक स्टुडिओ बंद पडला तेव्हा आणलेलं. बाकीच्यांच्या कीबोर्डवर बटण दाबलं की तयार बासरी हजर. तात्यांच्या यंत्राला मेमरीच नव्हती. आवाज हाताने जुळवायचा आणि बटणं हलली की तो गेला. त्यातल्या भागांना तात्यांनी आपली नावं ठेवली होती. आवाजाची उघडझाप करणारा फिल्टर म्हणजे तोंड, आणि त्याला हेलकावे देणारी संथ लहर म्हणजे झोका. झोका सुराला बांधला की सूर डुलायचा, तोंडाला बांधला की यंत्र "ऊआ, ऊआ" करायचं.

भवानीनगरच्या एका लग्नात त्यांनी झोका इतका ताणला की हुबेहूब साखर कारखान्याचा भोंगा वाजला. पंगतीतले दोघे पाळी बदलली म्हणून भरल्या ताटावरून उठले. यजमान धावत आला. "आवो तात्या, जेवनं तर हू द्या की!"

तात्यांची बायको, आमच्या काकू, धार काढताना गुणगुणायच्या. त्याला शब्द नव्हते. एक लांब "ऊं", मधेच उघडून "आ" व्हायचा आणि पुन्हा मिटायचा. चहाला गेले की मी ऐकायचे. गाणारी मी, पण म्हैस पान्हा सोडायची ती काकूंसाठी.

काकू अचानक गेल्या. मुलाचं लग्न ठरलेलंच होतं, ते रीतीप्रमाणे वर्षाच्या आत उरकलं. सून कामसू आली, पण म्हैस तिला दाद देईना. पेंड ठेवली, रेडकू सोडलं, पाठ थोपटली. सुनेला लाथ तेवढी मिळाली.

"तिला हिचा आवाज पायजे," तात्या म्हणाले. "मला बी."

मोबाइलमध्ये काकूंचे फोटो ढीगभर होते. धार काढतानाचं गुणगुणणं कोण रेकॉर्ड करून ठेवतं? शेवटी तात्यांनी यंत्र गोठ्याच्या ओट्यावर मांडलं. काकूंना ऐकलेली म्हणून मला बोलावलं.

पहिले कित्येक दिवस नुसती फजिती. झोका एकसारखा चालायचा आणि काकूंच्या जागी पिठाची गिरणी ऐकू यायची. म्हैस तोंड फिरवून उभी. मग तात्यांच्या ध्यानात आलं की काकूंना दम कमी पडायचा. सूर आधी भरभर हलायचा, मग रेंगाळायचा. त्यांनी दुसरा, अगदी सावकाश झोका घेतला आणि तो पहिल्याच्या वेगाला बांधला. झोक्याला झोका. तोंड मात्र बोटांनीच उघडत राहिले.

त्या संध्याकाळी म्हशीने कान सैल सोडले आणि बादलीत धार वाजली. सून धार काढत होती, तात्या बटण धरून रडत होते. मीही रडले.

त्यानंतर यंत्र ओट्यावरून हललं नाही. बटणांना कुणी हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद. लग्नात ते दुसऱ्याचा कीबोर्ड वाजवू लागले, तयार आवाजांचा. भुवया उडवणं बंद झालं.

मग खंडेनवमी आली. घरातली विळे-खुरपी, कुदळी, ट्रॅक्टर, सगळं धुऊन पुजलं. सुनेने मायेने यंत्रही पुसलं. प्रत्येक बटणावरची पांढरी रेघ नीट वर केली, सगळ्या एका ओळीत. हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. "मामा, बगा की कसं दिसतंय!"

मी तिथेच होते. तात्यांनी त्या सरळ रेघांकडे पाहिलं, मग पोरीच्या तोंडाकडे.

"ब्येस केलंस पोरी. लई धूळ झालती."

तो आवाज परत काही सापडला नाही. मी बाजूला बसून सांगायचे, जरा वर, तोंड थोडं मिटा. एक दिवस मी हात टेकले. "तात्या, मला काकूंचा आवाजच आठवेना. आठवतो तो यंत्राचा."

"मला बी तसंच हुतंय ताई," ते म्हणाले. इतकं भ्यालेलं माणूस मी क्वचित पाहिलंय.

तेवढ्यात आतून "ऊं" आलं. आधी भरभर, मग रेंगाळत, मधेच उघडत. सून धार काढत होती. सासूला तिने कधी ऐकलंच नव्हतं; रोज यंत्र ऐकून ते तिच्या तोंडात बसलं होतं. तात्यांनी बटणावरची बोटं उचलली आणि यंत्र बंद केलं. पुन्हा कधी चालू केलं नाही. संध्याकाळी धारेच्या वेळी गोठ्याबाहेर खाट टाकून बसायचे. दोन बोटं मांडीवर फिरत असायची.

यंदा तात्याही गेले. पणदऱ्याला गेले की मी त्या खाटेवर बसते. बाजूची जागा फार मोठी वाटते. आतून गुणगुणणं थांबतं आणि सून विचारते, "ताई, आत्याबाई आशाच म्हनायच्या का वो?"

मी हो म्हणते. ज्यांना विचारून खात्री करावी ते तात्या नाहीत. म्हैस तेवढी जाणते, आणि ती नुसता पान्हा सोडते.